थरथर नसलेली वसाहत

आमच्या वहिनी नगररचनाकार आणि मी त्यांच्याच कचेरीत नकाशे काढते. घरी नणंद-भावजय, कचेरीत साहेब आणि हाताखालची. भांडणं दोन्हीकडे सारखीच.

एका संशोधन संस्थेभोवती पर्यावरणपूरक वसाहत उभारायचं काम आलं आणि वहिनींनी त्यात जीव ओतला. शास्त्रज्ञ पायी कामाला जातील, प्रयोगशाळेतली वाया जाणारी ऊब पाइपांतून घरोघरी पोचेल, ट्रॅम थेट दारात येईल.

पहिल्याच बैठकीत संस्थेचे संचालक म्हणाले, "छानच आहे हो. फक्त आमच्या तळघरातला सूक्ष्मदर्शक फार नाजूक, त्याला जराशीही थरथर चालत नाही. आताच चित्रं पुसट येतात, ट्रॅम आली तर संपलंच!"

वहिनींनी ट्रॅम लांब नेली. मग मैदानावर गदा आली, कारण मुलं उड्या मारतात. बेकरी गेली, कारण पीठ मळायचं यंत्र घरघरतं. झाडंसुद्धा गेली, ती वाऱ्याने हलतात, हा संचालकांचा स्वतःचा शोध. शेवटी घरंच आठ किलोमीटर लांब गेली. खोडून खोडून माझ्या नाकी नऊ आले.

"वहिनी, आता वसाहतीत उरलं काय?"

"नावाचा फलक," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात या आराखड्याला पर्यावरणाचं मानचिन्ह मिळालं. वसाहतीत धूर शून्य, कचरा शून्य. होणारच, माणूसच नव्हता! दादा पेढे आणायला निघाला, तर वहिनी त्याच्यावर उखडल्या. "रिकाम्या जमिनीचं कौतुक कसलं करतोस?"

दुसऱ्या दिवशी कंपन मोजायचं यंत्र घेऊन त्या मला तळघरात घेऊन गेल्या. सूक्ष्मदर्शक सांभाळणारी तंत्रज्ञ बाई सोबत होती. तिचं वर्षभराचं काम पुसट चित्रांपायी अडलं होतं. बाहेरून मालाचा ट्रक गेला, काटा ढिम्म. वहिनींनी मला अंगणात उड्या मारायला लावल्या, तरी ढिम्म. आणि अकराच्या ठोक्याला काटा थयथय नाचू लागला.

आम्ही तिघी जिना चढून बरोबर वरच्या खोलीत गेलो. गळ्यात टॉवेल अडकवून संचालक ट्रेडमिलवर धावत होते.

"डॉक्टरांनी सांगितलंय," ते धापा टाकत म्हणाले.

"साहेब, हे यंत्र दुसरीकडे हलवा," वहिनी शांतपणे म्हणाल्या, "आणि माझी ट्रॅम परत द्या."

"असं एकदम कसं? समिती नेमावी लागेल."

समिती पाच महिने बसली. संचालकांचं आरोग्य ही संस्थेची संपत्ती ठरली आणि सूक्ष्मदर्शकच शहराबाहेर हलवण्यात आला. आता तंत्रज्ञ बाई रोज तासभर प्रवास करून तिकडे जाते. चित्रं मात्र लख्ख येतात. इकडे सूक्ष्मदर्शकच नाही म्हटल्यावर आडकाठी कशाची? ट्रॅम आली, घरं आली, बेकरी आली, मैदान आलं.

पहिली कुटुंबं राहायला आली आणि महिन्याभरात मानचिन्हवाल्यांचं पत्र आलं: वसाहतीत कचरा आढळला आहे, तरी मानचिन्ह परत करावं.

वहिनींनी पत्र दोनदा वाचलं. मग खो खो हसत मला म्हणाल्या, "अगं, मानचिन्हाच्या मापाचं खोकं शोध."