आगळाच्या बरणीतला नितळ चहा

मी जे सांगणार आहे त्यावर अख्ख्या रत्नागिरीत कोणी विश्वास ठेवणार नाही. तरी सांगते. मी एक जुनी काचेची बरणी आहे, आणि तोंड मिटून बसलेल्या एका माणसाला मी पुन्हा चहा प्यायला लावलं.

मित्रांनो, तुम्हाला या स्वयंपाकघरात तेजस्वी घेऊन आली. ती सखारामांची नात. बाई जरा चिकित्सक आहे, तेव्हा तिचं लक्ष दुसरीकडे आहे तोवर ऐकून घ्या.

माझा जन्म भट्टीवर झाला. वितळलेल्या काचेत एका कारागिराने नळीतून अशी फुंकर मारली, की मी फुगले आणि त्याची टोपी उडून मागच्या गावात पडली. या घरात आल्यावर वीस वर्षं माझ्यात कोकमाचं आगळ भरलं. ते इतकं लाल, की माझ्याकडे नुसतं बघून शेजारच्या मांजराची मिशी रंगायची. लोक म्हणायचे, आगळ ठेवावं तर सखारामांच्या बरणीत. पुढे आगळ प्लॅस्टिकच्या बाटलीतून विकत येऊ लागलं आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. धूळ बसली. माझ्यात एका पालीने संसार थाटला. वाईट वाटलं का, विचाराल. पहिलं वर्षभर वाटलं. मग काही वाटेनासं झालं.

यंदा एप्रिलात सखारामांच्या तोंडाचं ऑपरेशन झालं. ते तीस वर्षं एस.टी.त कंडक्टर. प्रत्येक थांब्यावर उकळता चहा, आणि दोन थांब्यांच्या मधे गालात तंबाखू. आता गालाला टाके आणि जीभ बधिर. डॉक्टरांनी सांगितलं, गरम नको, दूध नको, आंबट नको, गार काहीतरी पाजत राहा. पण शहाळं आणलं, हाताने बाजूला सारलं. सरबत आणलं, तेही सारलं. दिवसभर भिंतीकडे बघत बसायचे. राग नाही, रडणं नाही, काहीच नाही. माळ्यावर मी बसायचे तसे.

"आबा, गार चहा करून देऊ? बिनदुधाचा?" सून मनालीने विचारलं.

त्यांनी मान हलवली. 'हो' अशी.

मनालीने मला खाली काढलं, सोड्याने तीनदा घासलं, वास जाईस्तोवर उन्हात ठेवलं. आणि मग जन्मभराच्या सवयीने चहा केला. भुकटी टाकून खळखळून उकळला, फडक्यातून गाळला, शेवटचा थेंब वाया जाऊ नये म्हणून फडकं मूठ आवळून पिळलं आणि तो माझ्यात ओतून मला लगेच फ्रिजमध्ये ढकललं. तासाभराने माझ्या पोटात खाडीचं गढूळ पाणी झालं होतं.

सखारामांनी ग्लास उजेडात धरला आणि खाली ठेवला. "जिभेला कळत नाय गो मला काय," ते अडखळत म्हणाले. "डोळ्यांना तरी बरं दिसू दे."

शेजारच्या सोनूबाई धावून आल्या. "अगो मनाली, एवढं काय त्यात! पावसात आमच्या विहिरीचं पाणी गढूळ होतं, तेव्हा काय करतो आम्ही? तुरटी फिरव!"

"चहात?"

"चहा म्हणजे पाणीच ना गो!"

तुरटी फिरवली. चहा होता तसाच राहिला. सोनूबाईंनी आधी स्वतः घोट घेतला, आणि त्यांचे ओठ असे आवळले गेले की त्या सव्वा तास गप्प होत्या. आळीतली माणसं बघायला आली.

दुसऱ्या दिवशी भुकटी संपलेली. मुंबईहून कोणीतरी आणलेलं पानांच्या चहाचं पाकीट तसंच पडून होतं. उकळूनही रंग येत नाही म्हणून त्याला कोणी हात लावत नसे. मनालीने उकळून गार केलेल्या पाण्यात चार चमचे पानं टाकली आणि भांडं गॅसवर ठेवलं. मी सिलिंडरकडे एकटक बघितलं. सिलिंडर संपला. तिकडे ड्रेसिंगला जायची वेळ झालेली, दारात रिक्षा उभी. तिने ते पाणी पानांसकट माझ्यात ओतलं, झाकण लावून मला फ्रिजमध्ये ठेवलं आणि आबांना घेऊन गेली.

सहा तास मी त्या गारठ्यात होते. पानं हळूहळू उलगडत होती. मला काही वाटत नव्हतं.

संध्याकाळी मनाली परतली ती पडलेल्या चेहऱ्याने. "आज एक ग्लासभर तरी तोंडाने गेलं नाही, तर उद्या सकाळी भरती," ती तेजस्वीला म्हणाली. "सलाईन लावणार. परत तो वॉर्ड."

सखाराम पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसले.

मनालीने मला बाहेर काढलं आणि थांबली. चहा मधाच्या रंगाचा होता. माझ्याआडून खिडकीचे गज मोजता येत होते. खरं सांगायचं तर मिरकरवाडा बंदरातल्या होड्यांवरचे नंबरसुद्धा वाचता येत होते. ती फडक्यातून गाळू लागली आणि सवयीने तिची मूठ वळली.

"आई, पिळू नको!" तेजस्वी म्हणाली. "काल पिळल्यावरच गढूळ झाला."

मूठ सुटली. चहा थेंब थेंब आपला आपण गळला. त्यात साखरेचा पाक गेला, वर बर्फाचा एक खडा.

तर मित्रांनो, माळ्यावरच्या भांड्यांना अधूनमधून खाली काढत जा. कुणी गप्प झालं म्हणून ते रिकामं झालं असं समजू नका. आणि चहा पिळू नका. मग काय, सखारामांनी ग्लास उचलला, एका दमात रिकामा केला, मिशीवरून हात फिरवला आणि खणखणीत आवाजात म्हणाले...

"खोटं!" तेजस्वी ओरडली. "एका दमात कुठे? चमच्याने प्यायले! मी पाजत होते. दिवेलागणीपर्यंत पुरला तो ग्लास. आणि काही म्हणालेबिणाले नाहीत. प्रत्येक चमचा आधी खिडकीकडे धरायला लावत होते, बघत होते, आणि मगच तोंड उघडत होते."