विलायतेतली लग्नं

देवीदासच्या घरी माझी खुर्ची ठरलेली होती. कूलरच्या समोरची, एक हात हलणारी. रविवारी दुपारचं जेवण झालं की मी दुकानाचं शटर पाडायचो, आमच्या फुलचूर गावच्या दोन गल्ल्या ओलांडून त्याच्या घरी जायचो आणि त्या खुर्चीत बसून विलायती सिनेमा पाहायचो. या उन्हाळ्यात त्याच्या मुलाचं, लोकेशचं लग्न झालं आणि सून आली. लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी गेलो, तर सूनबाई माझ्या खुर्चीत.

पोरगी लगेच उठली. "बसा ना काकाजी," म्हणाली.

"बस बेटा, बस," म्हणत मी दिवाणावर टेकलो. दिवाणावरून टीव्ही तिरपा दिसतो आणि कूलरची हवा पायांपाशीच संपते. मी तोंडानं बस म्हटलं म्हणून ती खरंच बसली. त्या दिवसापासून माझा तिच्यावर राग. लपवून काय करू?

विलायती म्हणजे इंग्लंडचा. अमेरिकेचा नाही. हा फरक देवीदासनं मला सुरुवातीलाच समजावला होता. "अमेरिकेच्या सिनेमात मानूस बोलाच्या आधी गोळी घालते," तो म्हणाला होता. "इंग्रजाच्या सिनेमात गोळी घालाच्या आधी चहा विचारते." देवीदास रेल्वेत गार्ड होता. गोंदियाहून गाड्या घेऊन जायचा आणि जिथे मुक्काम पडेल तिथे इंग्रजी सिनेमे शोधायचा. त्यातून त्याला हा नाद लागला. निवृत्त झाल्यावर फंडातून त्यानं पहिली वस्तू आणली ती हा भिंतीएवढा टीव्ही. वर बुद्धाची तसबीर आणि खाली लंडन.

मी शिंपी. इंग्रजीचं आणि माझं काही जमलं नाही. माझी बायको देवका वारली तेव्हा मी दुकान उघडून नुसता बसून राहायचो. कापड पुढ्यात, कात्री हातात, आणि कापायचं काय ते आठवायचं नाही. एका रविवारी देवीदास आला, शटर त्यानंच पाडलं आणि मला हाताला धरून घेऊन गेला. "तुले सिनेमा दाखवतो," म्हणाला. मी म्हटलं, मला काय कळणार? तो म्हणाला, "मी सांगतो ना."

आणि त्यानं सांगितलं. पडद्यावर गोरा बोलायचा आणि इकडे देवीदास त्याचं आमच्या झाडीबोलीत करायचा. त्याच्या तोंडून लॉर्डसाहेब नोकराला म्हणायचा, "काऊन बे, घोडा कोठं बांधला?" दोन-तीन रविवार गेले आणि मला चटक लागली. नटांची नावं जिभेवर बसेनात, म्हणून आम्ही आमचीच ठेवली. रेशनच्या दुकानातल्या जमुनाबाईसारखी दिसणारी एक म्हातारी नटी होती, ती जमुनाबाई. एक ढेरपोट्या होता, तो बकाराम. आणि लांब नाकाचा, उतरत्या खांद्यांचा एक होता, तो मास्तर. मास्तर म्हणजे आमचा देव. कधी मंत्री व्हायचा, कधी पाकीटमार, कधी पाद्री, आणि प्रत्येक वेळी कोट अंगावर असा बसायचा, जणू जन्मला तेव्हापासून तोच घातला आहे. आपला हिरो दुःख झालं की भिंतीवर डोकं आपटतो. मास्तर खिडकीतून बाहेर बघतो आणि कोटाचं बटण लावतो. लावलेलंच असतं, तरी परत लावतो. एवढंच करतो, आणि इकडे आपला चहा हातातच निवतो. अशी नटगिरी मी दुसरीकडे पाहिली नाही.

विलायतेच्या दोन गोष्टींची मला मौज वाटायची. एक म्हणजे तिथल्या म्हाताऱ्या बायका अर्ध्या सिनेमात उठून लेकीकडे राहायला जायच्या. दुसरी म्हणजे तिथली लग्नं. सगळी मंडळी काळ्या कपड्यात. बाया काळ्या, माणसं काळी, पोरंसुद्धा काळी. मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा देवीदास म्हणाला, "थंड देश हाये. काळा कपडा गरम रायते." मला पटलं. शिंप्याला पटणारच. एकदा तर लग्नात फुलांनी झाकलेली एक लांब पेटी आली. ही काय, विचारलं. "रुखवत," देवीदास म्हणाला.

म्हणून लोकेशच्या लग्नाला मी काळा कोट शिवला. कल्पना माझीच होती. देवीदासला म्हटलं, तुझ्या पोराला मास्तरसारखा कोट घालतो, अस्सल विलायती लग्नाचा. देवीदास बौद्ध, त्यांच्यात लग्नाला पांढरं घालतात. देवीदासनं एकदा माझ्याकडे नीट पाहिलं, मग म्हणाला, "शिव." त्याच्या बायकोनं, कुसुमवहिनीनं तोंड वाकडं केलं, पाहुण्या कुजबुजल्या, पण देवीदास सगळ्यांना एकच सांगत होता, "सुखरामनं शिवला, तोच पोरगा घालन." रिसेप्शनला लोकेश त्या कोटात उभा होता. मला तर स्टेजवर मास्तरच दिसत होता.

आणि त्या कोटाशेजारी जी उभी होती, तीच ही रश्मी. नागपूरची, शाळेत इंग्रजी शिकवणारी. माझ्या खुर्चीत बसणारी.

तिलाही विलायती सिनेमाचा नाद निघाला. माझं नशीब बघा, गोंदिया जिल्ह्यात एवढ्या सुना येतात, त्यांतली ही नेमकी या घरात आली. तिला मास्तरचं खरं नाव माहीत. तो आधी कुठल्या नाटक कंपनीत होता, त्याला राणीनं कधी 'सर' केलं, त्याची तिसरी बायको कोण, सगळं माहीत. "बाबा, या सीनमध्ये त्यांचे पॉजेस बघा," ती म्हणायची, आणि देवीदास पुढे सरकून बघायचा. मग दोघं इंग्रजीत सुरू. देवीदासचा चेहरा असा फुललेला मी कधी पाहिला नव्हता. माझ्यासोबत तो सांगणारा होता. तिच्यासोबत बोलणारा झाला. मी दिवाणावर बसून चहात बिस्कीट बुडवायचो, आणि ते तुटून खाली गेलं तरी कुणाचं लक्ष नसायचं.

मी एकदा "बकाराम आला" म्हणालो तर ती फिदीफिदी हसली. "काकाजी, किती क्यूट!" मला क्यूट म्हणाली. साठी ओलांडलेल्या माणसाला.

मग तिनं रिमोट घेतला आणि पडद्याखाली हिंदी अक्षरं आणली. "आता तुम्ही स्वतःच वाचू शकता काकाजी. बाबांना सारखं सांगत बसावं लागणार नाही."

"राहू दे बेटा," देवीदास घाईनं म्हणाला. "त्याले सवय नाई."

ते मला जास्तच झोंबलं. मी हिंदी शाळेत शिकलेला, आणि हा म्हणतो सवय नाही. सुनेसमोर अडाणी ठरवतो. मी त्या दिवशी एक अक्षर वाचलं नाही. पूर्ण सिनेमाभर कूलरकडे पाहत बसलो. पुढच्या रविवारी ताप आहे म्हणून निरोप पाठवला. वाटलं, देवीदास धावत येईल. तो आलाच, पण सोबत तीही, डब्यात खिचडी घेऊन. खिचडी चांगली होती, त्याचाही राग आला.

त्यानंतरच्या रविवारी मात्र मी गेलो. ठरवूनच गेलो. आज दाखवून देतो, म्हटलं, या घरात विलायती सिनेमा कुणाचा जुना आहे ते. आणि योग असा की रश्मी लावत होती तो माझा सगळ्यात लाडका सिनेमा. मास्तर त्यात एका लहान स्टेशनचा स्टेशनमास्तर असतो. देवीदास मला पहिल्या रविवारी घेऊन आला तेव्हा हाच लागला होता. त्यानंतरही आम्ही तो किती वेळा पाहिला.

"हा का?" मी मोठ्यानं म्हटलं. "याच्यात का बघाचं हाये? मले पाठ हाये. याची बायको लेकीकडे जाते. मंग हा एकटाच बगीचा लावते. मंग गावात मोठं लग्न होते अन् सारे येते."

रश्मी हसली. वाईट नव्हती हसली, पण हसली. "नाही काकाजी, बायको तर वारते ना त्यांची."

"कोन म्हन्ते? लेकीकडे जाते."

"रश्मी, चहा ठेव," देवीदास म्हणाला.

"चहा नोको," मी म्हणालो. "लाव सिनेमा. अन् खालची अक्षरं बी लाव. आज होऊनच जाऊ दे."

"सुखराम, कायले जिद्द करून राहिला? राहू दे ना."

"काऊन राहू दे? तुले तुया सुनेचं खरं वाटते का मायं?"

"तुयंच खरं हाये," देवीदास म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता, आणि मला तो सुनेची बाजू घेतल्यासारखाच वाटला.

"मंग लाव," मी म्हणालो.

रश्मीनं सासऱ्याकडे पाहिलं. तो नजर चुकवून कूलरकडे वळला, म्हणून तिनं लावला.

जिन्यावरून डॉक्टर खाली येतो, टोपी हातात. हा सीन मला तोंडपाठ. इथे डॉक्टर म्हणायचा, "बाईले लेकीच्या गावची हवा मानवन." मी खाली वाचलं. वह सोते-सोते चली गईं. उन्हें कोई तकलीफ़ नहीं हुई.

मास्तर खिडकीशी गेला. मला नेहमी वाटायचं, बायको कुठल्या गाडीनं परत येते ते तो बघतो आहे. त्यानं बटण लावलं. मग काळ्या कपड्यातली मंडळी आली, बकाराम आला, जमुनाबाई आली, आणि तिनं मास्तरचा हात धरून म्हटलं, समझ नहीं आता, ऐसे समय क्या कहूँ. मागून फुलांनी झाकलेली पेटी नेली.

रुखवत.

रश्मीनं सिनेमा थांबवला. कूलरमध्ये पाणी ठिबकत होतं. मला आधी राग आला, आणि तो चांगलाच आला. एवढी वर्षं या माणसानं मला येडं बनवलं. बाहेर कुणाकुणाला मी विलायतेतल्या लग्नांची गंमत सांगितली होती, ते सगळे आठवले.

"साऱ्याच सिनेमात का?" मी विचारलं.

देवीदास जमिनीकडे पाहत होता. "जेथं जेथं बाई गेली तेथं."

"काऊन पन?"

"तुले आनलं त्या दिवशी मी हा सिनेमा आधी पाहिला नव्हता," तो म्हणाला. "मले का मालूम, मधातच त्याची बायको मरते म्हून. तू मले विचारलं, बाई कोठं गेली. देवकाबाईले जाऊन महिना नव्हता झाला. मायी जीभच नाई वळली. म्हटलं, लेकीकडे गेली. अन् तू हसला. म्हने, आमची देवका बी अशीच, पाहिजे तवा नाई सापडत, लेकीकडे जाऊन बसते. मंग मी कसा बदलू?"

मी असं म्हणालो होतो, हे मला आठवत नव्हतं. पण देवकाचं खरं होतं. लेक आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावला दिली होती, आणि पिशवी भरायला बाईला निमित्त लागायचं नाही.

"अन् कोट?" मी विचारलं. "पोराच्या लग्नात मले काळा कोट शिवू देल्ला तू."

"मंग कसा सांगू तुले? काय सांगून शिवू नोको म्हनू?"

रश्मी माझ्या खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती आणि तिचे डोळे भरले होते. मी तिच्याकडे पाहिलं. एवढे दिवस मी त्या पोरीवर जळत होतो. तिला नट माहीत, त्यांची नावं माहीत, पॉज माहीत, आणि देवीदास तिच्याशी फुलून बोलतो. पण तिला त्यानं सिनेमा जसा होता तसाच दाखवला होता. माझ्यासाठी तो कितीतरी बायकांना मरणाच्या दारातून उठवून लेकीकडे पोचवत राहिला, आणि पोराच्या लग्नात चार लोकांची बोलणी खाऊन बसला. मी जळत होतो, आणि सगळ्यात मोठा वाटा आधीच माझ्याकडे होता. मला त्या क्षणी लाज वाटली, आणि खरं सांगू का, थोडा माजही आला.

घरी जाताना मी देवीदासशी बोललो नाही. बोललो असतो तर रडलो असतो.

पुढच्या रविवारी गेलो तेव्हा खुर्ची रिकामी होती. रश्मी दिवाणावर, पाय पोटाशी घेऊन. मी बसलो. हलणारा हात कुणीतरी खिळा मारून पक्का केला होता. मला तो हलताच बरा होता, पण म्हटलं नाही. पडद्याखाली अक्षरं नव्हती.

"अक्षरं?" मी विचारलं.

"मला पण ऐकायचं आहे, बाबा कसं सांगतात ते," रश्मी म्हणाली.

सिनेमा नवा होता. देवीदास आधी अडखळत बोलला, मग त्याची गाडी रुळावर आली. मास्तर यात न्यायाधीश होता, जमुनाबाई त्याची बायको. अर्ध्यावर जमुनाबाई दिसेनाशी झाली. घरातली घड्याळं कुणीतरी बंद केली. मग दारापुढे काळ्या मोटारी येऊन थांबल्या, आणि मंडळी उतरू लागली. सगळी काळ्या कपड्यात.

देवीदासचं बोलणं थांबलं. रश्मी खाली बघायला लागली.

"लग्न हाये बेटा," मी तिला म्हणालो. "थंड देश. काळा कपडा गरम रायते."

तिनं मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. "आणि ती पेटी, काकाजी?"

"रुखवत."

"आणि जमुनाबाई?"

"लेकीकडे," मी म्हणालो, आणि खिडकीतून बाहेर पाहिलं. शर्टाचं वरचं बटण लावलेलंच होतं. मी ते परत लावलं.