रांगेतली जागा

न्यामिझीने कळ दाबली आणि संगणकाचा पडदा गप्प झाला.

"मेलं," लुबाशासाहेब म्हणाले. "सांगत होतो. इतक्या वर्षांच्या वाऱ्याच्या नोंदी या डबड्यात मावायच्या नाहीत. डिस्क काढ. खाली गाडी उभी आहे."

गाडी दार-एस-सलामला निघाली होती. डिस्कच्या मागोमाग होड्यांना वादळाचा इशारा देण्याचं कामही म्वान्झाच्या या सरोवरकाठच्या हवामान कचेरीतून तिकडेच जाणार होतं. ज्यांनी हे सरोवर फक्त विमानातून पाहिलं, ते ठरवणार तिच्या भावांनी होडी कधी सोडायची!

"मावायची गरजच नाही, साहेब. आज्ञा एकीला एक जोडल्यात, पाइप म्हणतात त्याला. एक आज्ञा वाचते आणि हातोहात पुढचीला देते. सगळ्या एकाच वेळी राबतात. पुढचीचे हात भरले की मागची थांबते."

"मग राबतायत कुठे? झोपल्या का?"

तिची बोटं टेबलावर टोपल्या सरकवल्यासारखी हलू लागली. काठावर दगा नावाची बारीक मासळी अशीच बायकांच्या रांगेतून हातोहात होडीतून उतरते. पहिली बाई कचरा काढते, शेवटची लहानापासून मोठ्यापर्यंत क्रमाने लावते. एकदा एक नवी सून मासळी लावायला होडीपाशीच बसली. सगळ्यात लहान कोणता ते सगळी होडी रिकामी होईपर्यंत कळेना, म्हणून तिला एक मासा पुढे देता येईना. रांग रिकाम्या हातांनी उभी. न्यामिझीची आई कडाडली होती, "अगं बये, तू शेवटी बस! आधी कचरा जाऊ दे!"

न्यामिझीने लिहिलेली ओळ पुन्हा वाचली आणि कपाळावर हात मारला.

"सुनेला होडीपाशी बसवलं मी!"

"कोणाची सून?"

तिने संगणकाचं चालू काम थांबवलं. क्रम लावणारी आज्ञा उचलून शेवटी ठेवली. वादळाच्या तेवढ्या नोंदी वेचणारी पुढे आणली. कळ दाबली.

खालून ड्रायव्हरने भोंगा वाजवला. साहेब डिस्क मागायला वळले, तोच पडद्यावर वादळं उतरू लागली, महिन्यामागून महिना, नीट ओळीने. ते वाकले. मार्चमधल्या एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

"यात माझा काका गेला," ते म्हणाले.

भोंगा पुन्हा वाजला. साहेबांनी खिडकी उघडली. "गाडी बंद कर रे! कुठे जायचं नाही."

"दार-एस-सलामवाल्यांना काय सांगणार?" तिने ताठ बसूनच विचारलं.

"सांगतो, शिकायचं असेल तर इकडे या." त्यांनी आपली खुर्ची तिच्याशेजारी ओढली. "परत लिही. सावकाश. ती सून कुठे बसली होती ते मला दाखव."