फुल ॲसिड

तिने बीकरमधल्या तपकिरी पाण्यात ॲसिडचे थेंब सोडले, काचेच्या कांडीने ढवळलं आणि म्हणाली, "आता नुसतं बघत राहा, बाबा."

बाबा बघत होते. पाणी तपासायच्या या प्रयोगशाळेत मुलीला नोकरी लागून सहा वर्षं झाली, पण त्यांनी इथे पाऊल टाकलं ते आज पहिल्यांदा. शर्ट ठेवणीतला घातला होता. दुकानात घालायच्या त्यांच्या एकूण एक शर्टांना बॅटरीच्या ॲसिडने भोकं पाडलेली, आणि सध्या ती भोकं चारचौघांत मिरवण्याचे दिवस नव्हते.

सगळा घोळ एका अरुंद रकान्याने घातला होता. गल्लीच्या विहिरीला दोन महिने पिवळं पाणी येत होतं, म्हणून लोकांनी नमुना पाठवला. तिने तो तपासला आणि शेरा लिहिला, 'रंग फुल्विक ॲसिडचा, कुजलेल्या पानांतून आलेला.' अहवाल टाइप करणारा लेखनिक मुळात काटकसरी माणूस. त्याने रकान्यात 'फुल. ॲसिड' एवढंच बसवलं, पानांना जागाच उरली नाही. सहीच्या घाईत तिनेही ते पाहिलं नाही. गल्लीत तो कागद निवृत्त पोस्टमनकाकांनी पायरीवर उभं राहून खड्या आवाजात वाचून दाखवला. टिंब काही वाचता येत नाही. त्यामुळे विहिरीत 'फुल ॲसिड' असल्याचं तासाभरात घरोघरी झालं, आणि विहिरीच्या वरच्या अंगाला ॲसिडचा धंदा करणारा माणूस एकच होता, बॅटरीवाले. म्हणजे बाबा.

कोणी भांडायला आलं नाही. पोस्टमनकाका तेवढे म्हणाले, "मी फक्त वाचलं हो, मी काही बोललो नाही." खरी काळजी तिला बाबांची वाटली. एरवी कोणी त्यांच्या कामाला नाव ठेवलं, तर गल्ली डोक्यावर घेणारा माणूस. या वेळी मात्र ते चकार शब्द बोलले नाहीत. स्वतःहून शटर खाली ओढलं आणि घरी येऊन बसले. चूक टायपिंगची आहे हे तिने दोनदा समजावलं. दोन्ही वेळा त्यांनी मान हलवली, पण शटर काही वर गेलं नाही. म्हणून आज ती त्यांना इथे घेऊन आली होती.

बीकरमध्ये तपकिरी कण एकमेकांना चिकटून हळूहळू तळाशी बसले. वर पिवळं, स्वच्छ पाणी राहिलं. तिने त्याच्या शेजारी विहिरीच्या पाण्याची बाटली ठेवली. रंग तोच.

"ही विहिरीच्या काठची माती. कालपासून कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात भिजवली होती," ती म्हणाली. "खाली बसलं ते ह्युमिक. वर राहिलं ते फुल्विक. हे महा हट्टी. ॲसिड घाला नाहीतर कॉस्टिक घाला, ते पाण्यातून बाहेर येत नाही. काठावरच्या झाडांची पानं वर्षानुवर्षं मातीत कुजतात, त्यातून झिरपतं."

"मग त्याला ॲसिड कशाला म्हणायचं?"

"लिंबातही ॲसिडच असतं, बाबा."

ते किंचित हसले. आता उठतील, असं तिला वाटलं. पण ते बाटलीकडे बघत राहिले आणि खालच्या आवाजात त्यांनी विचारलं, "आणि शिसं?"

तिचा हात थांबला. बॅटरीतल्या पट्ट्या शिशाच्या असतात, हे चाळीस वर्षं बॅटऱ्या उघडणाऱ्या माणसाला कोणी सांगायला नको होतं. पाण्यात शिसं नाही, असं ती पटकन म्हणू शकली असती. पहिल्या तपासणीत ते आलंही नव्हतं.

"साध्या तपासणीत सापडलं नाही," ती म्हणाली. "पण हे फुल्विक धातूला धरून बसतं. सहजासहजी सोडत नाही. धरलेला धातू त्या तपासणीला दिसेलच असं नाही. म्हणून सकाळी दुसरा नमुना कडक ॲसिडमध्ये उकळून घेतलाय. त्याने फुल्विक मोडतं. मग शिसं असेल तर लपून राहत नाही."

"कधी कळेल?"

"गार झालाय. लावते यंत्रात. दहा मिनिटं."

तिने नमुना लावला. यंत्र घुरघुरू लागलं. बाबांनी दोन्ही हात मांड्यांखाली घातले.

"अकरा वर्षं झाली," ते म्हणाले. "एक मोठी बॅटरी फुटली. आतलं सगळं मी दुकानामागे मातीत ओतलं. एकदाच. पुन्हा कधी नाही. त्याच वर्षी तुझ्या आईच्या किडनीचं निघालं."

चार दिवस ती दुकानाची काळजी करत होती, आणि इथे दुकानाचा प्रश्नच नव्हता.

"आईला माहीत आहे?"

"काय सांगणार होतो तिला?"

यंत्र थांबलं. पडद्यावर आकडा आला. तिने तो वाचला, नमुन्याची चिठ्ठी पाहिली आणि पुन्हा वाचला. माहीत असलेलं शिसं मिसळलेला दुसरा नमुना लावून यंत्र नीट मोजतंय ना, याचीही खात्री केली. तोवर बाबा हललेसुद्धा नाहीत.

"नाही," ती म्हणाली. "बाबा, शिसं नाहीये. अजिबात नाही."

"नक्की?"

"नक्की. विहिरीत उतरलं असतं, तर आजही सापडलं असतं. आईचं दुखणं तुमच्यामुळे आलेलं नाही."

बाबांनी मांड्यांखालून हात काढले आणि चेहऱ्यावर ठेवले. मग हातांआडून हसल्यासारखा आवाज आला. तिलाही इतकं हलकं वाटलं की पाय दुखतायत हे आता कुठे कळलं. ती मटकन शेजारच्या स्टुलावर बसली.

"म्हणून तुम्ही रोज लांबच्या टाकीवरून पाणी आणता? व्यायाम म्हणून सांगत होतात ते?"

"तुझ्या आईला आणि तुला तेच देत होतो."

"आणि तुम्ही?"

"मी विहिरीचं पीत होतो."

"का?"

"काही होतंय का ते कळायला नको?" बाबा म्हणाले. "अकरा वर्षं झाली. साधा खोकलासुद्धा नाही." ते जवळजवळ तक्रारीच्या सुरात बोलत होते.

तिला त्यांच्यावर ओरडायचं होतं. त्याऐवजी तिने विहिरीच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण घट्ट फिरवलं.

"बाबा, सहा वर्षं मी इथे हेच काम करतेय. बाटलीभर पाणी आणून द्यायचं होतं. एकदा विचारायचं तरी."

"विचारलं असतं, तर तू खरं सांगितलं असतंस," बाबा म्हणाले, आणि खिशातून दुकानाची किल्ली काढून ठेवणीतल्या शर्टाला पुसू लागले.