नेमकी रविवारी बरी

देवाकडे काही मागताना वार सांगून मागावं, हे धाकटीला तेव्हा ठाऊक नव्हतं. एक दिवस तरी अंगात पहिल्यासारखी ताकद दे रे बाबा, एवढंच ती कित्येक महिने म्हणत होती. म्हणत कसली, गात होती. शिलाई मशीनच्या तालावर त्याचंच नाव घेत होती. त्याने ऐकलं, आणि दिवस निवडला तो रविवारचा.

घर दोन भावांचं, दुमजली. खाली थोरला आणि थोरली, वर धाकटा आणि धाकटी. संडास मात्र एकच, तोही खाली, जिन्यामागे. धडधाकट माणसाला यात काही अडचण वाटत नाही. पण धाकटीला मल्टिपल स्क्लेरोसिस होता. डॉक्टरांनी समजावलं होतं, की नसांवर एक आवरण असतं, या आजारात आपलंच शरीर ते कुरतडतं आणि मेंदूचे निरोप वाटेतच गळतात. पायाला उचल म्हणावं तर पाय ढिम्म. लघवीला लागली की जरा थांब म्हणायची सोय नाही. उकाडा झाला की सगळंच बिनसतं. कधी चार दिवस बरे जातात, कधी कपबशीही जड होते. आणि हे सगळं होत असताना चेहरा आपला टवटवीत! निदान चेहऱ्याने तरी साथ द्यायची.

धाकट्याने भावाकडे विषय काढला, की मजल्यांची अदलाबदल करू. थोरला म्हणाला, रविवारी निवांत बसू. थोरला वायरमन, थोरली शाळेत गणित शिकवायची. वाईट माणसं नव्हती हो. पण लागलेला संसार उचलून वर न्यायचं कुणाच्याही जिवावर येतंच.

शनिवारी संध्याकाळी नवरा म्हणाला, "उद्या खाली जाताना काठी घे. आणि जरा माझ्या आधाराने चल."

"आणि उद्या मी बरी असले तर?"

"तरी घे."

"म्हणजे नाटक करू?"

"नाटक कसलं गं? परवा जे खरं होतं तेच उद्या दाखवायचं."

"अहो, खरं आहे म्हणून तर नाटक नको," ती म्हणाली. "एकदा सोंग घेतलं, की पुढे देवापुढे रडताना माझं मलाच कळायचं नाही, खरं कुठलं ते."

नवऱ्याने काठी कोपऱ्यात टेकवून ठेवली. डेपोत दिवसभर बसच्या इंजिनाखाली आडवं पडून आलेल्या माणसाने किती वाद घालायचा?

रविवारी ती जागी झाली आणि बोटांना चादरीची वीण कळली. सुईत दोरा पहिल्या झटक्यात गेला. तिने दाराच्या चौकटीवर डोकं टेकलं आणि जिना कठड्याला हात न लावता उतरली.

"वा!" थोरला म्हणाला. "आज तर पळत आलीस."

"आज बरं वाटतंय, दादा."

थोरलीने चष्म्यावरून तिला न्याहाळलं. थोरलीला सर्दी झाली होती, म्हणून खिडक्या बंद होत्या आणि पंखाही. "तब्येत छान दिसतेय हो तुझी. मला नुसती सर्दी झाली तर तोंड बघ कसं उतरलंय."

"वहिनी, हा आजार दिसत नाही," धाकटा म्हणाला. "येतो-जातो."

थोरला हसला. "हे बघ, वायरचं आवरण गेलं म्हणजे गेलं. सोमवारी उघडी आणि रविवारी आपोआप झाकली, अशी वायर मी तरी पाहिली नाही."

"दादा, अधूनमधून येणारा फॉल्ट नसतो का? तूच म्हणतोस, की तो शोधताना रडू येतं," धाकटा म्हणाला.

"तो वायरिंगमध्ये."

"आणि माणसात?"

"माणसात त्याला मूड म्हणतात," थोरली म्हणाली, आणि शिंकली.

सगळे हसले. धाकटीही हसली. कोंदट खोलीत तिला घाम फुटला होता आणि थोरल्याचा चेहरा कडेने पुसट व्हायला लागला होता. पंखा लावा म्हणावं, तर वहिनींची सर्दी खरी होती.

शेवटी थोरल्याने मांडीवर थाप मारली. "तूर्त राहू दे. पुढे खरंच जास्त झालं तर बघू. तोवर वर एखादं भांडं ठेवा अडीनडीला."

"बरं," म्हणून धाकटी उठली. म्हणजे उठायला गेली. डावा पाय जागेवर नव्हताच. टेबल धरायला गेली तर पाण्याचा तांब्या आडवा झाला.

"घ्या!" थोरली म्हणाली. "नाही म्हणायचा अवकाश, लगेच सुरू."

नवऱ्याने झटकन काखेत हात घालून तिला सावरलं. तोंड तिच्या कानाशी नेऊन तो कुजबुजला, "आता नको गं. सांगितलं तेव्हा केलं नाहीस, आता कोण विश्वास ठेवणार?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. कित्येक सकाळी याच हातांनी तिच्या पायात मोजे चढवले होते.

"सोडा मला," ती म्हणाली.

"अगं पण..."

"सोडा म्हटलं ना."

भिंत धरत ती जिन्यापर्यंत गेली, पहिल्या पायरीवर उलटी बसली आणि हातांच्या रेट्याने एकेक पायरी मागे सरकू लागली. आता सगळे तिच्या समोर होते. थोरल्याने टीव्ही लावला, पण त्याची नजर तिकडे ठरेना.

अर्ध्या जिन्यात तिला लघवी लागली. संडास खाली, ती मधे. देवा, तिने मनात हाक मारली, आणि पुढे काय मागावं हे तिला सुचलं नाही.

पाणी पायऱ्यांवरून निवांत खाली आलं. थोरली पुढे झाली होती ती मागे सरकली. नवरा धावत वर गेला आणि ओल्या पायरीवर तिच्याशेजारी टेकला.

"मला वाटलं..." तो म्हणाला.

"कळलं मला, काय वाटलं ते."

त्याने तिचा हात धरला. तिने धरू दिला, कारण सोडवून घेण्याइतकी बोटं चालत नव्हती. खाली थोरला टीव्हीचा आवाज बंद करून म्हणाला, "अगं, फडकं तरी आण," आणि थोरली फडकं शोधायला आत गेली, ती बराच वेळ बाहेर आलीच नाही.