ग्लँडमधली काळी टेप

मशीनच्या वायरिंगचं काम करणाऱ्या गुडरूनच्या विजेच्या पॅनेलमध्ये बत्तीस वर्षांत एक तार वाकडी सापडली नव्हती. जर्मनीत, श्वाबियातल्या त्या कारखान्यात लोक लग्नातल्या नवरीपेक्षा सरळ तारांकडे जास्त वेळ बघत, त्यामुळे हा मान थोडाथोडका नव्हता. दोन वाजता गिऱ्हाइकाची माणसं मशीन ताब्यात घ्यायला येणार होती. बटाट्याचं सॅलड पोटभर खाऊन फिटर एगोन मशीनचा खांब आणि तिचं सरकतं टेबल यांच्यामध्ये मापं घ्यायला शिरला होता. मशीन चालू, पण गोगलगाईच्या वेगावर. तेवढी परवानगी असते.

चालक फोल्करने तेलाच्या पंपाची मोठी मोटर सुरू केली आणि सहा टनांचं टेबल आपण होऊन बोटभर सरकलं.

"फोल्कर, गुदगुल्या करू नकोस," आतून एगोन म्हणाला.

"मी हात लावलेला नाही." फोल्करचे दोन्ही हात कॉफीच्या कपाला होते.

टेबल पुन्हा सरकलं. गुडरूनला मोटरची केबल आठवली. तसल्या केबलभोवती तांब्याची जाळी असते. केबल पॅनेलच्या पत्र्यातून आत शिरते तिथे ती आवळून धरणारा नट म्हणजे ग्लँड; त्यातली स्प्रिंग त्या उघड्या जाळीला धरते, म्हणजे मोटरची विजेची कुजबुज पत्र्यातून जमिनीत जाते, टेबलाला हुकूम नेणाऱ्या शेजारच्या तारांना ऐकू येत नाही. मंगळवारी त्या जाळीचे चार केस विस्कटले होते. तिला ते बघवेना. तिने वरून काळी टेप गुंडाळली, तीन सुबक वेढे, आणि ग्लँड आवळला. स्प्रिंगच्या मुठीत तेव्हापासून नुसतं प्लास्टिक होतं.

सगळं एकदम थांबवणारं तांबडं बटण हाताशी होतं. ते दाबलं की वहीत नाव, कारण आणि सही. ती दोन श्वास थांबली. टेबल थांबलं नाही.

मग तिने दाबलं.

"एगोन?"

"आहे," आवाज चिरका आला. "पण सॅलडला जागा उरली नाही."

टेबल त्याच्या पोटाला टेकलं होतं. ते मागे घ्यायला तेल हवं, तेलाला पंप हवा, आणि पंप सुरू झाला की टेबल कुठल्या दिशेला निघेल ते सांगता येत नव्हतं. फोल्कर तरी पंपाच्या बटणाकडे वळला.

"थांब," ती म्हणाली. "मुख्य वीज तोड. ग्लँड उघडते."

"तुझ्या हातचा आहे तो. त्यात काय असणार?"

नट फिरवताना पाना दोनदा निसटला. टेप बाहेर आली तेव्हा फोल्करने ती पाहिली आणि नजर वळवली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

"गुडरून, जरा लवकर गं," एगोन म्हणाला. आता तो विनोद करत नव्हता.

टेप सोलली. जाळीचे केस चहूकडे उभे राहिले. तिने ते तसेच स्प्रिंगखाली दाबले आणि नट आवळला. फोल्करने वीज जोडली, मग हात खिशात घातले.

"पंप तू सुरू कर," तो म्हणाला.

तिने केला. मोटर घुमू लागली. तिने टेबलाच्या कडेवरची नजर हलवली नाही. पापणी लवली तर ते पुढे जाईल असं तिला वाटत होतं. टेबल जागचं हललं नाही. मग फोल्करने ते एकेक बोट मागे घेतलं.

एगोन बाहेर येऊन जमिनीवरच बसला, पोटावर हात ठेवून.

गुडरूनने वही ओढली. कारणाच्या रकान्यात लिहिलं: टेप, माझी. सही रेघेखाली घसरत गेली. ती तिने नीट केली नाही.