दोन भावांच्या कमरेचा पट्टा

मी एक पट्टा बोलतोय. विजारीचा नव्हे. वजन उचलणारे लोक कमरेला आवळतात तो. हाताच्या पंज्याएवढा रुंद, जाड चामड्याचा, पुढे पितळी बक्कल.

हात जोडून माफी मागितली असती, पण मला हात नाहीत. माझी हकीकत कागदावर उतरवतोय तो माझा मालक, आणि त्याने शाळा आठवीतच सोडली. ऱ्हस्वदीर्घाचं आणि त्याचं कधी जमलं नाही. शब्दही साधेच आहेत. चूक दिसली तर मनातल्या मनात दुरुस्त करा आणि पुढे वाचा.

माझा जन्म घोड्यांची खोगिरं शिवणाऱ्या एका कारागिराकडे झाला. दोन कातडी एकावर एक चिकटवून त्याने मला फळीखाली दाबून ठेवलं, कडेने मेणाच्या दोऱ्याने शिवलं. माप द्यायला आला होता तो तरुण ऐटीत पोट आत ओढून उभा राहिला. कारागीर म्हणाला, "लग्नाचा कोट शिवायला आलायस का? श्वास घे, पोट फुगव. माप त्याचं घ्यायचंय."

तो तरुण म्हणजे दादा. माझा पहिला मालक. त्याचं टायरचं दुकान होतं, आणि दुकानाखालच्या तळघरात व्यायामशाळा. तिथले शिक्षक एक निवृत्त गृहस्थ, त्यांना सगळे मास्तर म्हणत. तिथे आरशासमोर दंड फुगवणारी मंडळी कमी. तीनच प्रकार चालत. थाळ्या चढवलेली लोखंडी बार खांद्यावर घेऊन खाली बसून उठायचं, ती स्क्वाट. बाकावर पडून छातीवरून रेटायचं, ती बेंच. आणि जमिनीवरून उचलून ताठ उभं राहायचं, ती डेडलिफ्ट.

पहिले काही महिने मी कडक होतो. दादाच्या बरगड्यांना चावायचो आणि तो मला शिव्या घालायचा. हळूहळू त्याच्या अंगाचा बाक माझ्यात उतरला. तेव्हा मला माझं काम कळलं. लोकांना वाटतं पट्टा कमरेला धरून ठेवतो. मी कुणाला धरत नाही. माणूस पोटभर श्वास घेतो, पोटाने मला चारी बाजूंनी रेटतो, आणि मी मागे हटत नाही. एवढंच. जो रेटत नाही त्याला माझा उपयोग शून्य.

मास्तर हे रोज सांगायचे आणि लोक रोज विसरायचे. कोणी मला दादाकडून मागून घेई आणि रिकामी बार उचलतानाच बांधे. कोणी दोन सेटच्या मध्ये आवळलेलाच ठेवी आणि तसाच पाणी पीत गप्पा मारी. मास्तर ओरडायचे, "अरे, सोड तो! शेवटच्या जड सेटपुरता तो. सगळं काम त्यानेच केलं तर पोट काय भाड्याने देणार?"

दादाने माझ्या जोरावर, म्हणजे खरं तर स्वतःच्याच जोरावर, त्र्याऐंशी किलोपर्यंत वजनाच्या माणसांच्या गटात वर्षानुवर्षं पहिला नंबर घेतला. पुढे बाजारात खटक्याचा पट्टा आला. एका बोटाने बंद, एका बोटाने उघडा. दादाने तो आणला आणि मला माळ्यावरच्या खिळ्याला अडकवलं. तिथे जुन्या ट्यूब होत्या, रबराचा वास होता. माझ्यावर बुरशी धरली. एका उंदराने माझं टोक चाखून पाहिलं आणि त्यालाही मी आवडलो नाही.

मला खाली उतरवलं ते वहिनीने. दादाची बायको. ती इस्पितळात मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या वॉर्डात नर्स आहे. माळा झाडताना मी तिच्या डोक्यावर पडलो. ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, ही मगर कुणाची? टाकू का?"

"टाकू नको. बारक्याला दे."

बारक्या म्हणजे दादाचा धाकटा भाऊ. लहानपणी काडी होता म्हणून हे नाव पडलं. नाव तसंच राहिलं आणि तो वाढला. दुकानात तोच टायर चढवायचा, उतरवायचा. बोलायचा फार कमी. गिऱ्हाइकाने भाव विचारला तर दादाकडे बोट दाखवायचा. त्याने मला कोमट पाण्याच्या फडक्याने पुसलं, सावलीत वाळवलं, तेल चोळलं. तेव्हापासून मी त्याचा.

बारक्याला उचलायला दादानेच शिकवलं. पाय कसे रोवायचे, नजर कुठे ठेवायची, श्वास कधी धरायचा, सगळं. पोरगा चिवट निघाला. झोपायचा वेळेवर, जेवायचा दाबून, मास्तर थांब म्हणाले की थांबायचा. दर आठवड्याला थोडं वजन वाढवायचा, आणि अंग दुखलं तर सांगायचा. अशा माणसाला वजन स्वतःहून वश होतं. त्याच्या पोटाचा रेटा मला जाणवायचा. भिंतीला टेकल्यासारखं वाटायचं.

मग एक दिवस तळघरात काटा आणला. दादा उभा राहिला, त्र्याऐंशीला जरासा कमी. बारक्या उभा राहिला, दादाच्या मागे जेमतेम एक किलो.

एक जण ओरडला, "बारक्या, आता कसला रे तू बारका! दादा, यंदाही सोनं तुमच्याच घरात राहणार, फक्त खोली बदलणार."

सगळे हसले. दादाही हसला, पण जरा उशिरा.

तो उशीर बारक्याने पाहिला. आमच्या तळघरात एक रीत होती, कुणी लिहिली नव्हती पण सगळे पाळत: ज्याने तुला उचलायला शिकवलं त्याच्या गटात उभं राहायचं नाही. स्पर्धा तोंडावर होती. बारक्याने कुणालाही न विचारता अर्जावर खालचा, चौऱ्याहत्तर किलोचा गट लिहिला. दादाने विचारलं तेव्हा म्हणाला, "सहज. हलकं वाटेल."

पुढे काय झालं ते सगळ्यात आधी मला कळलं. रोजचं भोक सैल पडू लागलं, तो पुढच्या भोकावर गेला, मग त्याच्याही पुढच्या. माणूस बारीक होतो त्याचं मला काही नाही. चरबी गेली असती तर मी काही बोललो नसतो. पण त्याचा रेटा गेला. श्वास घ्यायचा, आणि तो श्वास माझ्यापर्यंत पोचायचाच नाही.

घरी वहिनीचं लक्ष होतं. भावजींच्या ताटात भात उरलेला तिने आधी कधी पाहिला नव्हता.

"काय भावजी, प्रेमाबिमात पडलात की काय?"

"नाही वहिनी. पोट भरलं."

"पोट भरलेला माणूस पातेल्याकडे असं बघत नाही."

तो मान खाली घालून उठला. शेवटच्या दिवसांत त्याने पाणीही तोडलं. भर उन्हात पावसाळी कोट चढवून गच्चीचे जिने चढ-उतर करायचा, घाम काढायचा. ओठ फुटले. टायरचा पाना हातातून सुटू लागला. दादा म्हणाला, "लक्ष कुठंय तुझं?" तर हा म्हणाला, "इथंच आहे."

स्पर्धेच्या आदल्या दिवशी दुपारी त्याने ती चूक केली, जी वजन उचलणाराच करू शकतो. मास्तरांनी आठवडाभर आधीच सगळ्यांना सांगितलं होतं, "जड काम संपलं. आता फक्त हलकं फिरवा, खा, झोपा. पीक उभं राहिल्यावर मुळं उपटून बघायची नसतात." पण बारक्याला धीर धरवेना. अंगात जोर उरलाय की नाही, त्याला बघायचं होतं. तो किल्ली घेऊन एकटा तळघरात उतरला. एवढं मात्र बरं केलं की बार सुटली तर झेलणाऱ्या, तिच्याखालच्या आडव्या लोखंडी दांड्या नेहमीच्या उंचीवर लावल्या. तेवढी सवय अंगात मुरली होती.

अंग नीट गरम केलं नाही. रिकामी बार दोन-चारदा हलवली आणि सरळ मोठ्या थाळ्या चढवल्या. मला त्याने इतकं आवळलं की मी आजवर कधी इतका मिटलो नव्हतो. पोटात जे उरलं नव्हतं ते माझ्याकडून भरून काढायचं होतं त्याला. मी काय करणार? मी चामडं.

तो खाली बसला. उठायला लागला. अर्ध्यावर त्याचे गुडघे आत पडले, कंबर पुढे वाकली, आणि श्वास फुटक्या ट्यूबसारखा सुटला. बार दांड्यांवर आदळली. तो बारखालून सरकून जमिनीवर बसला आणि भिंतीला डोकं टेकलं.

वर दुकानात दादाने आवाज ऐकला. तो जिना उतरला नाही, जवळजवळ पडतच आला.

"लागलं? कंबर हलव. पाय हलव. बोटं हलव!"

"काही नाही झालं. चक्कर आली जरा."

दादाने माझं बक्कल सोडलं. भोक पाहिलं. मग भावाकडे पाहिलं. एवढ्या दिवसांत बहुतेक पहिल्यांदाच नीट पाहिलं. त्याने वहिनीला फोन लावला. घर जवळच होतं, ती रक्तदाब मोजायचं यंत्र आणि साखर-मिठाचं पाणी घेऊन आली. आकडा बघून तिने 'भावजी' आणि 'तुम्ही' दोन्ही गुंडाळून ठेवलं.

"गधड्या, पाणी कधी प्यायलास शेवटचं?"

"काल. सकाळी."

"माझ्या वॉर्डात ये एकदा. तिथे माणसं यंत्राला बांधून पडलीयेत. ग्लासभर पाणी मोजून मिळतं त्यांना. आणि तू, धडधाकट माणूस, हौसेने तहानलेला राहतोस! घोट घोट पी. एकदम नको."

तो पीत होता. दादा समोर उकिडवा बसला.

"चौऱ्याहत्तर कशाला रे? खरं सांग."

 बारक्या ग्लासात बघत म्हणाला, "तुझ्या गटात कसा उभा राहू? तूच शिकवलंस. रीत आहे ती."

"कुणी केली ही रीत? मी केली?"

"सगळे पाळतात. आणि तू... त्या दिवशी उशिरा हसलास."

दादाने मला जमिनीवरून उचललं आणि माझी गुंडाळी केली. 

"हसलो उशिरा," दादा म्हणाला. "भीती वाटली म्हणून. वाटू दे ना मला भीती! वय झालं की वाटणारच. पण तू उपाशी मरून मला जिंकवणार? म्हणजे मला हरवशीलच याची तुला इतकी खात्री आहे? अरे, हा माझा मान नाही, अपमान आहे."

"मला तसं नव्हतं—"

"माहितीय, तुला तसं नव्हतं. म्हणूनच राग येतोय."

"भांडा, भांडा," वहिनी म्हणाली, "पण त्याला आधी केळं खाऊ द्या. आणि हे बघ, उद्या सकाळी मी परत रक्तदाब मोजणार. आकडा बरा आला नाही तर दोघांपैकी एकच जण उचलेल, दुसरा माझ्या शेजारी बसून टाळ्या वाजवेल."

त्या संध्याकाळी त्याने मऊ भात खाल्ला, अंडी खाल्ली, थोड्या थोड्या वेळाने पाणी प्यायला आणि दिवेलागणीलाच झोपला. मी त्याच्या पिशवीत होतो. आता माझं एक टोक उंदराने कुरतडलेलं, शिवण दोन ठिकाणी सुटलेली, बक्कल घासून गुळगुळीत झालेलं. अजून बरीच वर्षं टिकेन. तुमच्यापैकी कुणी माझ्या एखाद्या भावंडाला कमरेला बांधत असाल तर एक विनंती आहे. आम्ही चामड्याचे, आम्हाला नाही म्हणता येत नाही. जितकं आवळाल तितके आवळले जातो. थकलेल्या, उपाशी, तहानलेल्या माणसालाही आम्ही घट्ट बसतो आणि त्याला वाटतं आपण भक्कम आहोत. तेव्हा आधी जेवा, झोपा, पाणी प्या, दुखतंय ते बोला. मग आम्हाला हाक मारा.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीने रक्तदाब मोजला, पुन्हा मोजला, आणि नाइलाजाने "जा, पण हलकं" म्हणाली. स्पर्धेच्या हॉलमध्ये वजनाची रांग होती. दादाचं वजन होऊन गेलं होतं. तो बाजूला बूट बांधत होता. बारक्या मला काखेत धरून काट्यावर चढला. टेबलामागच्या बाईंनी काटा पाहिला आणि कागद पाहिला.

"चौऱ्याहत्तरचा गट लिहिलाय. वजन जास्त भरतंय. नाव काढायचं, की वरच्या गटात घालायचं?"

"वरच्या," तो पुटपुटला.

"ऐकू नाही आलं."

"वरच्या गटात घाला. दादाच्या."

"दादा कोण?"

"मी," बूट बांधता बांधता दादा म्हणाला.

बाईंनी खोडून लिहिलं. "पहिली स्क्वाट किती किलोने सुरू करणार?"

दादाने एकशे नव्वद सांगितलं होतं, ते अख्ख्या रांगेने ऐकलं होतं. बारक्याने घसा साफ केला.

"एकशे वीस."

मागून कोणीतरी फिसकन हसलं. बाईंनीही पेन थांबवून वर पाहिलं. "नक्की? एवढंच?"

"आज अंगात एवढंच आहे," बारक्या म्हणाला. या वेळी रांगेच्या टोकापर्यंत ऐकू गेलं.

"लिहा बाई," दादा म्हणाला, "बरोबर सांगतोय तो."

बारक्या काट्यावरून उतरला, भावाशेजारी बाकावर बसला आणि त्याने डबा उघडला.